पेडलवरचा पाय

सिग्नलला गाडी थांबली खरी, पण ओरडत थांबली. आवाज साधासुधा नव्हता. पाटीवर नख ओढल्यावर दातांत शिरशिरी उठते ना, तसला. फुटपाथवरच्या दोन बायकांनी माना वळवून पाहिलं, एका म्हाताऱ्याने चक्क कानावर हात ठेवला, आणि बहीण स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाली, "बघ दादा, हिलासुद्धा जायचं नाहीये वाटतं." म्हणाली आणि स्वतःच हसली. तो शेजारच्या सीटवर, मांडीवर तिच्या नव्या घरासाठी घेतलेल्या पडद्यांचं पुडकं घेऊन बसलेला. त्यानेही हसायला हवं होतं. विनोद बरा होता, शिवाय बहिणीचा होता. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पॅड संपलेत. ब्रेकचे. पुढचे." ती म्हणाली, "मग?" "मग काय? रविवारी बदलतो." "सोमवारी जायचंय मला." "म्हणूनच रविवारी म्हटलं ना!" सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, गाडी निघाली. आणि पुढच्या चौकापर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली, की हा आवाज आज नवा नाही. बारीक, किंचित, पण तो महिनाभर येतोय. आपण ऐकतोय, आणि ऐकून मूग गिळून बसलोय.

त्याच्या कानातून असला आवाज निसटेल, ही गोष्टच अशक्य होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून काचा घासण्याचं काम तो तीस वर्षं करत आला. दगडावर काच फिरत असताना तिचा सूर अर्ध्या केसाने बदलला तरी, कड जास्त घासली जातेय, हे त्याला न बघता कळायचं. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या काकांना डोळे नसले तरी चालतील, कान शाबूत पाहिजेत." असा माणूस महिनाभर रोज त्या गाडीत बसतो आणि ब्रेकचा आवाज ऐकून गप्प राहतो, म्हणजे काय? त्याने स्वतःला विचारलं आणि लगेच उत्तरही देऊन टाकलं, की राहून गेलं, कामाच्या गडबडीत होतं असं. स्वतःला दिलेली उत्तरं तो फारशी तपासत नसे. काचा तपासायचा.

बहीण लग्न करत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी. हे वाक्य तो गेले तीन महिने मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघत होता, आणि दर वेळी ते अर्ध्यावरच सोडून द्यायचा. ती हॉस्पिटलात मोठी सिस्टर, हाताखाली अठरा मुली. आणि तो माणूस चार तासांच्या अंतरावरच्या गावात रोपांची नर्सरी चालवणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पाय मोडून हिच्या वॉर्डात येऊन पडला, तीन आठवडे हिच्या शिव्या खाल्ल्या आणि जाताना विचारूनच गेला. वॉर्डातल्या मुलींनी चिडवून चिडवून हैराण केलं होतं, की नर्सला नर्सरीवाला मिळाला. सोमवारी अकरा वाजता तिकडच्या कचेरीत नोंदणी. तिचं सामान गाडीत भरायचं, पहाटे निघायचं, बरोबर तो. तिच्या बाजूचा साक्षीदार म्हणून सही करायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. असं सगळं ठरलेलं. कोट इस्त्री करून दाराला टांगलेला. तीन महिन्यांपूर्वी तिने जेवताना विचारलं होतं, "दादा, मी जाऊ ना?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला होता, "जा की. मी काय अडवलंय?" अडवलंय असं ती कुठे म्हणाली होती? पण चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्याबरोबर तो हत्यारांची पेटी घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत उतरला. गाडी म्हणजे धूडच होतं, दोन माणसांच्या घराला सात जणांची एसयूव्ही. सहा वर्षांपूर्वी बहिणीने हट्टाने घेतली. ती उंचीने जेमतेम पाच फूट, म्हणून घरात तिचं नाव बुटकी. गाडी घेताना तो म्हणाला होता, "अगं, छोटी घे, पार्किंगला बरी." तर म्हणाली, "जन्मभर लोकांच्या काखेतून जग बघितलं मी. आता एकदा वरून बघू दे." मग पाठीला एक उशी, बुडाखाली एक उशी, सीट पार पुढे ओढलेली, आणि बाईसाहेब ट्रकवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून चालल्यात! चालवायला त्यानेच शिकवलं. आणि गाडीचं बारीकसारीक काम घरी करायची सवयही त्यानेच लावली. दोघांनी मिळून तेल बदललं, पट्टे बदलले, एकदा तर आख्खा रविवार घालवून पुढचे दिवे. शेजारीपाजारी म्हणायचे, यांना दुसरा उद्योग नाही. नव्हताच. त्या गाडीखाली आणि गाडीवर त्या दोघांचे कितीतरी रविवार गेले होते, आणि आज पहिल्यांदाच तो एकटा उतरला होता. ती "येऊ का हाताखाली?" म्हणाली होती. "तुझं सामान बघ," तो म्हणाला. बोलण्यात धार आली ती त्यालाही कळली. पण सुटलेला शब्द आणि घासली गेलेली काच, दोन्ही परत भरून येत नाहीत.

आधी उजवं चाक. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावून उचलली, खाली लोखंडी घोडी सरकवली, चाक काढून गाडीखाली आडवं टाकलं. मागचे दोन बोल्ट काढून कॅलिपर, म्हणजे चकतीवर पॅड दाबणारा लोखंडी चिमटा, उचललं आणि रबरी नळीवर ताण येऊ नये म्हणून तारेने वर टांगून ठेवलं. जुने पॅड हातात आले ते बिस्किटाएवढे पातळ. आतल्या बाजूचा तर पार पत्र्याला टेकलेला. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो, आणि नवे जाड पॅड बसवायचे तर तो पिस्टन आत ढकलावा लागतो. मेकॅनिक तो नुसता ढकलतात. याची रीत वेगळी. कॅलिपरच्या पाठीवर हवा काढायचा एक लहानसा स्क्रू असतो. हा तो स्क्रू किंचित उघडायचा, त्याला नळी लावून खाली बाटली ठेवायचा आणि मग शिकंजा आवळायचा, म्हणजे पिस्टनमागचं काळं पडलेलं ब्रेक ऑइल बाटलीत येतं, परत वर जात नाही. पिस्टन आत गेला की लगेच स्क्रू बंद. लगेच. घाण परत आत ढकलायची नाही, हा त्याचा नियम, यावर त्याने बहिणीला अर्धा तास भाषण दिलं होतं एकदा, आणि ती म्हणाली होती, "दादा, तू लग्न केलं असतंस तर बिचारीचं काही खरं नव्हतं." उजवं चाक तासाभरात झालं. हात चालत होते, तोवर डोकं गप्प होतं. हाताच्या कामाचं हेच बरं असतं.

डाव्या चाकाला मात्र दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बरोबर डोक्यावर येत होती. खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता, चर्र, चर्र. मग फोन वाजला. ती बोलायला लागली. शब्द कळत नव्हते, नुसता सूर. त्याने स्क्रू उघडला, नळी लावली, शिकंजा आवळायला घेतला. पिस्टन हळूहळू आत जात होता, काळपट तेल नळीतून उतरत होतं, आणि वर ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता, थांबून पुन्हा. हे हसू त्याच्या ओळखीचं नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती त्याच्यासमोर शेकडो वेळा हसली असेल, पण ते हसू घरातलं, दार लोटून घेतलेलं. हे कुणीतरी दार उघडल्यासारखं. तो शिकंजा धरून तसाच बसला. आपल्याला हेवा वाटतोय, त्याच्या मनात आलं, चष्मेवाल्या पन्नाशीच्या पुरुषाला एका लंगड्या रोपवाल्याचा. किती वेळ बसला कोण जाणे. भानावर आला तेव्हा फोन संपला होता. त्याने शिकंजा काढला, नळी ओढली, नवे पॅड बसवले, कॅलिपर चढवलं, बोल्ट आवळले, आणि पिस्टन जागेवर यावा म्हणून गाडीत चढून पेडल मारायला लागला. उजवीकडे चार-पाच वेळा मारल्यावर कसं पायाखाली टणक लागलं होतं! इथे एकदा मारलं, दोनदा मारलं, दहा वेळा मारलं. पेडल आपलं लोण्यात गेल्यासारखं थेट जमिनीला.

खाली उतरून बघतो तर डाव्या बाजूला फरशीवर तेलाचं थारोळं. स्क्रू उघडाच राहिलेला. दर वेळी पेडल दाबलं की तेल बाहेर, सोडलं की हवा आत; दहा वेळा मारून त्याने आपल्याच हाताने ब्रेकच्या नळीत हवा भरून ठेवली होती. ज्या नियमावर अर्धा तास भाषण दिलं, त्याच नियमाने दावा साधला. नुसते पॅड ढकलून बसवणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकच्या हातून ही चूक झाली नसती. ती फक्त याच्याच हातून व्हायची होती. आता ती हवा काढल्याशिवाय गाडी इमारतीच्या दाराबाहेर न्यायची सोय नव्हती. आणि हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू उघडायचा, हवा आणि तेल आलं की बंद करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. पायाला हाताचं कळायला हवं. त्याने आधी एकट्याने करून बघितलं. झाडूचा दांडा सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवला. दांडा निसटला, सीटला खोक पडली, बास. मग तो चाकापाशी खाली बसला, पाठ भिंतीला टेकली, आणि तेव्हा त्याला स्वच्छ कळलं की आपल्याला बरं वाटतंय.

होय, बरं वाटत होतं. गाडी उद्या जाणार नाही. कुणाला काही सांगायचंसुद्धा नाही, एवढंच म्हणायचं, की आतलं रबर गेलंय, सुटा भाग मिळायला आठवडा लागेल. तिला कुठे कळतंय? ती विश्वास ठेवील. दादा म्हणाला म्हणजे तसंच असणार. बसने गेली तरी सामानाशिवाय जाईल, सामानासाठी परत येईल, दोन दिवस राहील. आणि नोंदणी काय, पुढे ढकलता येते. त्याने सगळं जुळवून टाकलं, शब्दसुद्धा ठरवले. आणि शब्द ठरवता ठरवता तो थबकला, कारण असे शब्द त्याने एकदा ठरवले होते. एकदा कसले, ठरवायलाही वेळ लागला नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, बहीण कामावर, तो घरी, दुपारची वेळ आणि फोन वाजतोय. तेव्हा एक जमीनमोजणीवाला होता. उंच, उन्हाने रापलेला, बोलताना वाक्याच्या मध्येच थांबणारा. बहिणीच्या मागे होता म्हणण्यापेक्षा बहीणही त्याच्या मागे होती म्हणणं खरं. दोघं आठवड्यातून एकदा नदीकाठच्या रस्त्याने चालायची, घरी कुणी बोलायचं नाही, सगळ्यांना माहीत होतं. फोनवर तो म्हणाला, "मी बोलतोय. माझी बदली झाली, लांब. पुढच्या आठवड्यात निघायचंय. तिच्याशी हे मला समोरासमोर बोलवत नाही. तुम्ही एवढंच विचाराल का तिला, मी थांबू का? थांब म्हणाली तर बदली नाकारतो." आणि तो, तिचा सख्खा थोरला भाऊ, रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला, "नको. तिच्या मनात नाही तसलं काही. तिनेच मला सांगितलंय." मग "बरं, ठीक आहे" आणि फोन बंद. आतून आईने विचारलं, "कोण रे?" "चुकीचा नंबर." महिन्याभराने एका संध्याकाळी ताटं वाढताना बहीण म्हणाली होती, "लोक न सांगता निघून जातात, नाही दादा?" आणि त्याने, त्या मेल्याने, पोळीचा तुकडा मोडत उत्तर दिलं होतं, "जातात काही काही."

आईसाठी केलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आईला उठवायला, पुसायला, औषधाला तीच लागायची. ती गेली असती तर आईचं काय? खोटंही नव्हतं ते. पण तीन वर्षांनी आई गेली, आणि मग एकोणीस वर्षं होती, दर वर्षाला तीनशे पासष्ट दिवस. एकही दिवस त्याला बोलायला सापडला नाही. कानाला सगळं ऐकू येत होतं आणि तोंडाला कुलूप. ती नदीकाठच्या रस्त्याने जायची बंद झाली, केस आखूड कापले, वॉर्डातल्या मुलींवर ओरडायला शिकली, गाडी घेतली. तो बघत राहिला. आणि आज पुन्हा तेच, गाडीचं निमित्त करून. माणूस पन्नाशी ओलांडतो, डोक्यावरचे केस जातात, पण जित्याची खोड काही जात नाही. त्याला स्वतःची किळस आली. तो उठला, तेल फडक्याने पुसलं, नव्या डब्यातलं तेल वर भरलं, नळी आणि बाटली लावली, आणि खिडकीकडे मान करून हाक मारली, "बुटके! जरा खाली ये."

ती आली ती हातात चिकटपट्टीचं रीळ घेऊनच. फरशीवरचा डाग बघून म्हणाली, "काय सांडलंस?" "स्क्रू उघडा राहिला. हवा गेलीय आत." "तुझा? स्क्रू?" तिच्या भुवया वर गेल्या. "लिहून ठेवते तारीख." मग काही न विचारता ती वर चढली, उशी सरकवली, दार उघडंच ठेवलं. याआधी दोनदा त्यांनी हे केलं होतं आणि त्यासाठी त्यांची एक पद्धत होती. तो म्हणणार "दाब," ती म्हणणार "दाबलं," तो म्हणणार "काढ," ती म्हणणार "काढला." मध्ये दुसरा शब्द नाही, कारण पहिल्या वेळी तिने गप्पांच्या नादात पाय आधीच उचलला होता आणि अख्खी दुपार वाया गेली होती. तो चाकापाशी बुटक्या पाटावर बसला. तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त तिचा आवाज, म्हणजे ऐकू येत होता. पण त्याच्यासारख्याला ते एकच.

"दाब."

"दाबलं."

स्क्रू उघडला. नळीतून फसफसत तेल आलं, निम्मं बुडबुडेच. स्क्रू बंद. "काढ." "काढला." पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी बुडबुडे बारीक झाले, पाचव्या वेळी मोजके. अजून दोनदा केलं की झालं. मग ती वर जाणार, उरलेली खोकी बांधणार, उद्या गाडी निघणार, तो तिच्या शेजारी कोट घालून बसणार आणि अकरा वाजता तिच्या नावासमोर साक्षीदार म्हणून सही करणार, की या बाईला मी ओळखतो, आणि ही स्वतःच्या मर्जीने लग्न करतेय. कशाचा साक्षीदार? त्याने पाना पुन्हा स्क्रूला लावला.

"दाब."

"दाबलं."

त्याने स्क्रू उघडला आणि चाकाच्या चकतीकडे बघत म्हणाला, "तो मोजणीवाला होता ना. बावीस वर्षांपूर्वीचा. त्याचा फोन आला होता."

"कुणाचा?"

"त्याचाच. तू कामावर होतीस. म्हणाला, माझी बदली झालीय, तिला विचारा मी थांबू का. थांब म्हणाली तर थांबतो. मी म्हटलं, तिच्या मनात नाही. तिनेच सांगितलंय, म्हटलं."

पाय उचलला गेला. तिने उचलला नाही, गेला. नळीत वर आलेले दोन-तीन बुडबुडे क्षणभर थबकले आणि सर्रकन उलटे आत गेले, त्यांच्यामागून नळीतली हवाही. तो बघत राहिला. स्क्रू बंद करायचंही त्याला सुचलं नाही. इमारतीच्या दारातून कुणीतरी सायकल बाहेर काढली, तिची साखळी खडखडली, मग तेही थांबलं.

"आईसाठी?" वरून आवाज आला. वॉर्डात रात्रभर जागल्यावर यायचा तसा, कोरडा.

"तसं मी मला सांगत आलो."

"आणि आई गेल्यावर?"

ती थांबली. तिला थांबायची सवय होती, वॉर्डातले पेशंट आपोआप खरं बोलायला लागतात तोवर थांबायची.

"तेव्हा मग भीती वाटली," तो म्हणाला. "वर जायचं, कुलूप काढायचं आणि आत कुणी नसायचं, याची. बाकी काही नाही गं. मला त्याचं वाईट करायचं नव्हतं, तुझंही नव्हतं. मला एकट्याला राहता येत नाही, एवढंच. आणि आज हा ब्रेक बिघडला तर मला आनंद झाला. तुला खोटं सांगणार होतो, की आठवडा लागेल. शब्दसुद्धा ठरवले होते."

ती रडतेय का ते त्याने कान देऊन ऐकलं, रडत नव्हती. उशीवर जरा हलली. मग तिचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, आणि तेच त्याला सोसेना.

"हवा गेली का आत?"

"गेली."

"म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"चल मग. सांग."

"दाब," तो म्हणाला.

"दाबलं."

त्यांनी सगळं पुन्हा केलं. आठ वेळा, नऊ वेळा, बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत आणि त्यापुढेही दोनदा. एकदाही तिचा पाय लवकर उठला नाही, एकदाही शब्द चुकला नाही. ती हे आपल्यासाठी करत नाहीये, त्याला कळत होतं, ती गाडीसाठी करतेय. उद्या या गाडीने जायचंय आणि वाटेत घाट आहे. हॉस्पिटलात एखाद्याने कितीही शिव्या दिल्या तरी त्याची सलाईन ती अशीच लावत असणार. चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, नट आवळले. पेडल पायाखाली टणक लागत होतं. तो फडक्याला हात पुसत उभा राहिला तर ती सीटवरून उतरलीच नव्हती. "बस," ती म्हणाली. "लागतायत का बघून येऊ."

गोदामांच्या मागचा लांब रस्ता रविवारी रिकामा असायचा. तिथवर ती बैलगाडीच्या वेगाने आली, दर कोपऱ्यावर ब्रेक दाबून बघत. तो समजावत राहिला, बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून: "नवे पॅड चकतीवर बसवून घ्यावे लागतात. पन्नासपर्यंत न्यायची, मग सावकाश दाबत दहावर आणायची. पूर्ण थांबवायची नाही मात्र. तापलेला पॅड एका जागी धरून ठेवला की चकतीवर डाग बसतो, मग जन्मभर गाडी थरथरते. वीस वेळा तरी करावं लागतं. वेग, ब्रेक, आणि थांबायच्या आत पुन्हा पुढे." ती मान डोलावत होती. रस्त्याच्या तोंडाशी तिने गाडी उभी केली, आणि काचेतून समोर बघत म्हणाली, "दादा, उद्या तू येऊ नकोस."

त्याला वाटलं होतं की ती ओरडेल. बोलणार नाही, असंही वाटलं होतं. हे कुठेच वाटलं नव्हतं. "सहीला?" तो म्हणाला.

"सहीला कुणीही मिळेल. नर्सरीतला माळी आहे, माळ्याची बायको आहे." मग ती त्याच्याकडे वळली. डोळे कोरडे होते, नाक मात्र लाल. "रागावून नाही म्हणत. राग यायला मला अजून वेळ लागेल, येईल सावकाश. पण तुला तिथे बघितलं की मला तो आठवेल. बदली नाकारून आला असता तर कसा आला असता, काय बोलला असता, तेच डोक्यात येत राहील. आणि उद्या मला याच्याकडे बघायचंय, दादा. फक्त याच्याकडे. एवढं तरी मला करू दे."

"बरं," तो म्हणाला. पाठीशी घालायला आता आईसुद्धा नव्हती. "परत कधी येशील?" हे विचारायचं होतं, जिभेवर आलं होतं, त्याने गिळलं. ते विचारायचा हक्क आज सकाळपर्यंत होता. "मी इथे उतरतो," तो म्हणाला. "तू फेऱ्या मार. आवाज मी बाहेरून ऐकतो."

तो उतरला आणि एका बंद गोदामाच्या सावलीत उभा राहिला. गाडी गेली, लांबवर जाऊन वळली, वेगाने येऊ लागली. त्याच्यासमोर येईतो वेग मंदावला, इतका की तिच्या कपाळावरची बट दिसली. त्याने नकळत हात वर केला आणि गाडी पुढे निघून गेली. बरोबर केलं तिने. थांबायचं नव्हतंच. दुसऱ्या फेरीला तो हात खिशात घालून उभा राहिला. गाडी येई, सावकाश होई, त्याच्यापाशी जवळजवळ थांबे आणि पुन्हा निघे. दर वेळी त्याच्या छातीत काहीतरी पुढे झेपावे आणि दर वेळी तो स्वतःला सांगे, गाढवा, पॅड बसवतेय ती. उन्हाची तिरीप सरकत त्याच्या बुटांवर आली. ब्रेकला आवाज नव्हता. कान किती ताणले तरी काही नाही, नुसता टायरचा. तीस वर्षं काचा घासल्या त्यातही इतकं बिनचूक काम त्याच्या हातून क्वचित झालं असेल.

विसाव्या फेरीला ती काच खाली करून आली. माणसाच्या चालीने. तो फुटपाथवरून उतरला आणि गाडीबरोबर चालू लागला, एक हात खिडकीच्या कडेवर.

"पुरे का?" तिने विचारलं. "की अजून लागतील?"

अजून लागतील, असं तो म्हणाला असता तर तिने मारल्या असत्या. दहा म्हणाला असता तर दहा. तिला यातलं कळत नव्हतं. दादा म्हणेल तेच. तो आणखी चार पावलं चालला.

"पुरे," तो म्हणाला. "छान लागतायत. आता काही नको."

त्याने हात काढून घेतला. तिने एकदा मान हलवली, काच वर गेली, आणि गाडी रस्त्याच्या टोकाला घराकडे वळली. घर तिथून चालत पाऊण तास. तो पोचेपर्यंत तिची सगळी खोकी बांधून झालेली असणार होती.